‘खेळात राजकारण नको’ म्हणणाऱ्यांसाठी : ऱ्होड्सच्या दियागोरास क्लबची कहाणी

१/ ‘खेळात राजकारण आणू नका’ हे वाक्य इतक्यांदा उच्चारले जाते की ते निसर्गनियमासारखे भासू लागले आहे. इतिहासाच्या कसोटीवर मात्र ते टिकत नाही. एजियन समुद्रातील ऱ्होड्स बेटावरचा दियागोरास हा छोटा फुटबॉल क्लब त्याचा साक्षीदार आहे. #थ्रेड

२/ क्लबची स्थापना १९०५ सालची. ऱ्होड्स तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होते. तेथील ग्रीकांना आपले राज्य स्थापता येत नव्हते. व्यायाममंडळ मात्र स्थापता येत होते. साम्राज्यातील इतर ग्रीक वस्त्यांतही हेच घडत होते. स्मिर्ना, म्हणजे आजच्या इझ्मिरमध्ये, पानिओनिओस हा क्लब १८९० सालीच उभा राहिला होता.

३/ नाव कोणाचे निवडले? याच बेटावरील प्राचीन मुष्टियोद्ध्याचे. दियागोरासने इ.स.पू. ४६४ मध्ये ऑलिंपियात विजय मिळवला आणि कवी पिंडारने त्याचे स्तोत्र रचले. कागदावर ते एका खेळाडूचे नाव होते. ग्रीक कानांना मात्र ते ‘हे बेट आमचे’ असे सांगत होते. राजकारण क्लबमध्ये मागाहून शिरले नाही. ते नावातच होते.

४/ १९१२ साली इटलीने बेट जिंकले. १९३६ मध्ये मुसोलिनीचा जुना सहकारी दे वेक्की गव्हर्नर झाला आणि शाळांवर इटालियन भाषा लादली गेली. याच इटालियन अमलात दियागोरासचे दारही बंद झाले. निरुपद्रवी खेळाला कोणती सत्ता कुलूप लावते?

५/ खेळाशी तर त्या सत्तेचे वैर नव्हतेच. १९३०च्या दशकात तिने शहरात नवे स्टेडियम उभारले. मैदान हवे होते, पण त्यावर कोणी, कोणत्या नावाने धावायचे, हे तिलाच ठरवायचे होते.

६/ महायुद्धानंतर, १९४७च्या पॅरिस तहाने ही बेटे ग्रीसला मिळाली. क्लब पुन्हा उभा राहिला आणि १९८६ ते १९८९ असे तीन हंगाम ग्रीसच्या सर्वोच्च श्रेणीत खेळला. इटालियनांनी बांधलेले ते स्टेडियम आज दियागोरासचेच नाव मिरवते!

७/ आक्षेप येईल : अशाने खेळात द्वेष शिरतो. आक्षेप पोकळ नाही. ऱ्होड्समध्ये तुर्क आणि ज्यू समाजही पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. दियागोरास हे नाव त्यांना हाक मारत नव्हते. ज्या नावाने एका समाजाला धीर दिला, त्यानेच एक कुंपणही घातले. पण ते कुंपण दिसायचे असेल, तर आधी नावातले राजकारण मान्य करावे लागते.

८/ ‘खेळ वेगळा, राजकारण वेगळे’ असे म्हणणे सर्वांत सोयीचे असते ते ज्याच्या हाती मैदानाची किल्ली आहे त्याला. म्हणून कोणत्याही क्लबचा इतिहास वाचताना गोलसंख्येच्या आधी तीन प्रश्न विचारावेत : नाव कोणी ठेवले? कुलूप कोणी लावले? आणि आत कोणाला बोलावलेच नव्हते?