तहान लागण्यापूर्वीची विहीर

मावळातील शिरगाव हे सोमाटणे फाट्याजवळचे गाव 'प्रतिशिर्डी' म्हणून आता सर्वतोमुखी झाले आहे. गुरुवारी आणि सुटीच्या दिवशी तेथे पुण्यामुंबईच्या भाविकांची रीघ लागते. मोकळ्या हवेच्या ओढीने निवृत्तीनंतर मावळात बिऱ्हाड थाटणारेही थोडे नाहीत. अशा ठिकाणी घर घेताना शहरातील सुशिक्षित गृहस्थ पाण्याची, विजेची आणि रस्त्याची कसून चौकशी करतो. मध्यरात्री छातीत कळ आली तर जावयाचे कोठे, हा प्रश्न मात्र त्याच्या यादीत नसतो. ही उणीव आम्हांला किरकोळ वाटत नाही.

रुग्णालय ही ऐन वेळी शोधावयाची वस्तू नव्हे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तत्पूर्वी डोक्याचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. अर्थात रोग्याला नुसत्या जवळच्या नव्हे, तर रात्रीही ही सोय चालू असणाऱ्या रुग्णालयात न्यावयास हवे. सर्पदंशाचेही तसेच. जखम चिरण्यात किंवा दोरीने आवळण्यात वेळ न दवडता, प्रतिविष जेथे आहे तेथे रोग्याला पोहोचविले पाहिजे. उलटपक्षी, मुरगळलेल्या पायासाठी आपत्कालीन कक्षात गर्दी करणे म्हणजे अत्यवस्थ रोग्याची वाट अडविणे होय. तेथे आधी आलेल्याला नव्हे, तर ज्याच्या जिवाला अधिक धोका त्याला आधी तपासतात. हा न्याय उमजला, तर तेथील पुष्कळशी वादावादी आपोआप टळेल.

शिरगावकरांना तळेगाव दाभाडे येथे डॉ. भाऊसाहेब सरदेसाई यांच्या नावाचे रुग्णालय आहे, पिंपरीस महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, आणि पुण्यात ससून आहे. कोठे कोणत्या वेळी काय उपलब्ध असते, याची विचारपूस सवडीच्या दिवशीच करून ठेवावी. द्रुतगती मार्गावर एकदा गाडी घातली की वाटेल तेथे बाहेर पडता येत नाही, म्हणून रस्ताही आधी ठरवावा. चालू औषधांची नावे व मात्रा, न सोसणारी औषधे, जुना ईसीजी, विम्याचे कार्ड, हे सारे एका पिशवीत असावे. आईवडील एकटे राहत असतील, तर ती पिशवी कोठे आहे हे शेजाऱ्यांनाही ठाऊक असावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून विनामूल्य मिळते; पण तिला पत्ता नेमका सांगता आला पाहिजे.

सगळा भार नागरिकावर टाकून यंत्रणेने मात्र हात झटकावे, असे आमचे म्हणणे नाही. डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जखमीचा जीव वाचविणे हे त्याचे पहिले कर्तव्य, पोलिसी सोपस्कार त्यानंतर, असा निर्वाळा परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली दिला. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षणही दिले. हक्क कागदावर आहेत. पण दार कोणते ठोठवावे हेच माहीत नसेल, तर त्यांचा उपयोग काय? तालुक्यात रात्री कोणती सेवा कोठे मिळते, प्रतिविष कोठे आहे, याचे फलक ग्रामपंचायत, मंदिर आणि टोलनाका येथे लावण्यास जिल्हा परिषदेला मोठा खर्च येणार नाही. तो तिने करावा, आणि फलकांवरील माहिती वेळोवेळी तपासावी.

हे फलक लागतील तेव्हा लागोत. आपल्या घराच्या भिंतीवर असा एक कागद आजच डकविण्यास कोणाच्याही मंजुरीची गरज नाही.