‘कार्यक्षम सैनिक होण्याची शक्यता नाही’ : एका शेऱ्याविरुद्ध दाद मागण्याचा इतिहास

१. लष्करातून घरी पाठवलेल्या माणसाच्या हाती जो कागद पडतो, त्यावरचे एखादे वाक्य त्याच्या पुढच्या आयुष्यावर सावली धरते. प्रशिक्षण अर्धवट असताना परत पाठवलेल्या रिक्रूटच्या बाबतीत ते वाक्य बहुधा असे असते : ‘कार्यक्षम सैनिक होण्याची शक्यता नाही.’ हा धागा या वाक्याविषयी आहे, त्याविरुद्ध दाद मागण्याच्या हक्काविषयी आहे आणि अशाच एका शेऱ्याशी महाराष्ट्राने दिलेल्या दीर्घ झुंजीविषयी आहे.

२. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागणाऱ्या घरात लष्करभरती ही केवळ नोकरी नसते, पुढच्या पिढीच्या हातचा कोयता सुटण्याची ती एक खात्रीची वाट असते. निवड झालेल्या मुलाचा गावात सत्कार होतो, चौकात फ्लेक्स लागतो. तोच मुलगा काही महिन्यांत परतला तर गाव कागद वाचत बसत नाही. ‘पळून आला’ किंवा ‘काढून टाकला’ एवढे दोनच अर्थ गावाजवळ तयार असतात.

३. प्रत्यक्षात परतण्याची कारणे अनेक असतात. कुणाचे हाड प्रशिक्षणात मोडते, कुणी घरच्या अडचणीमुळे स्वतःच मुक्तता मागतो, कुणी चाचण्यांत पुन्हा पुन्हा अनुत्तीर्ण होतो, कुणी शिस्त मोडतो, तर कुणी भरतीच्या वेळी खोटी माहिती दिलेली असते. नैतिकदृष्ट्या या गोष्टींत महदंतर आहे. कायद्याच्या तक्त्यात मात्र यांतील बऱ्याच गोष्टी एकाच रकान्यात जाऊन बसतात.

४. तो रकाना असा. १९५० च्या आर्मी ॲक्टनुसार भरती होणे ही पहिली पायरी आणि विधिवत शपथ घेऊन नोंद होणे ही दुसरी. ठरलेला परिविक्षाकाळ पूर्ण झाल्यावर किंवा सेवेस योग्य ठरल्यावर ही शपथ होते. आपल्याकडे तिला ‘कसम परेड’ म्हणतात. या दोन पायऱ्यांच्या मधला काळ म्हणजे रिक्रूटचा काळ. तो लष्करी कायद्याच्या अमलाखाली पूर्णपणे आलेला असतो, त्या कायद्याचे संरक्षण मात्र त्याच्या वाट्याला पूर्णपणे आलेले नसते.

५. १९५४ च्या आर्मी रूल्समधील नियम १३ च्या तक्त्यात शपथ न झालेल्यांसाठी स्वतंत्र बाब आहे. सर्व प्रकारची सेवामुक्ती त्या एका बाबीखाली येते आणि ज्या रिक्रूटकडून कार्यक्षम सैनिक होण्याची शक्यता वाटत नाही, त्यांचाही निर्णय त्याच बाबीखाली व्हावा असे तेथे नमूद आहे. शपथ झालेल्या शिपायाला ‘इतर कारणां’खाली काढायचे असेल, तर परिस्थिती अनुकूल असल्यास कारणे दाखवण्याची संधी द्यावी, असे तोच तक्ता सांगतो. रिक्रूटच्या बाबतीत तेवढाही आग्रह नाही.

६. हा फरक लहान नाही. चार ‘रेड इंक’ नोंदी, म्हणजे चार गंभीर शिक्षांच्या नोंदी, असलेल्या शिपायालाही केवळ त्या संख्येवरून यंत्रवत काढता येणार नाही, आधी चौकशी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वीरेंद्रकुमार दुबे यांच्या प्रकरणात सांगितले. एकही शिक्षा नसलेल्या रिक्रूटला मात्र एका अंदाजाच्या बळावर घरी पाठवता येते.

७. ‘अंदाज’ हा शब्द येथे महत्त्वाचा. ‘शक्यता नाही’ हे घडलेल्या गोष्टीचे वर्णन नव्हे, ते भविष्यकथन आहे. आणि कोण सैनिक होऊ शकतो, कोण होऊ शकत नाही, याविषयीचे लष्कराचे भविष्यकथन किती सपशेल चुकू शकते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

८. लष्करी कागदांनी माणसांचे भवितव्य कसे बदलते, याची एक खूण बीड जिल्ह्यातच आहे. आजचे अंबाजोगाई निजामी राजवटीत मोमिनाबाद या नावाने ओळखले जाई आणि तेथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०२ मध्ये वऱ्हाडाचा करार झाला आणि १९०३ मध्ये लॉर्ड किचनेरच्या पुनर्रचनेत हे सैन्य ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाले. त्या शिपायांनी लढाई हरली नव्हती की गुन्हा केला नव्हता. तरी त्यांची पलटण, तिचे नाव आणि क्रमांक दूरच्या एका कार्यालयात बदलले गेले.

९. त्याच्या दहाएक वर्षे आधी मुंबई इलाख्यात यापेक्षा कठोर घटना घडली होती. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांचे मत असे की, दीर्घ शांततेमुळे मुंबई आणि मद्रासकडील शिपायांतील लढाऊपणा ओसरला आहे. ‘लढाऊ जमाती’ हा सिद्धान्त आणि जातवार पलटणींचे धोरण एकत्र आले आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांच्या भरतीचे दार बंद झाले.

१०. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत मेलेल्यांची नावे ज्या सरकारने स्तंभावर कोरली होती, त्याच सरकारने हा निर्णय घेतला. एकाही उमेदवाराची परीक्षा न घेता एका संपूर्ण समाजाच्या नावापुढे ‘कार्यक्षम सैनिक होण्याची शक्यता नाही’ हाच शेरा मारला गेला. शब्द निराळे होते, आशय तोच.

११. या शेऱ्याविरुद्ध दाद मागण्याचा पहिला मोठा प्रयत्न गोपाळबाबा वलंगकरांचा. ते महाडजवळच्या रावढळचे. लष्करातून १८८६ मध्ये निवृत्त झाल्यावर ते दापोलीस राहिले आणि ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’च्या कार्यात पडले. १८९४ मध्ये त्यांनी भरतीबंदीविरुद्ध अर्ज सिद्ध केला. त्यातील युक्तिवाद वंशाचा होता : आम्ही मूळचे क्षत्रिय, म्हणून सैन्यात आमचा अधिकार. त्या प्रयत्नाला यश आले नाही.

१२. दुसरा टप्पा पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांचा. १९१० मध्ये दख्खनच्या महारांच्या वतीने थेट भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे अर्ज गेला. मागणी विलक्षण नेमस्त होती : सरकारी नोकरीतील खालच्या जागा, पोलिसांतील शिपाईगिरी आणि सैन्यातील साधा शिपाई. पण युक्तिवादाचा पाया सरकला होता. वंशाच्या थोरवीपेक्षा न्यायाच्या मागणीवर आता भर होता.

१३. वलंगकर शेरा लिहिणाऱ्याचीच मोजपट्टी वापरून ‘आम्ही त्या मापात बसतो’ असे म्हणत होते. कांबळे यांच्या अर्जात त्या मोजपट्टीलाच प्रश्न विचारला गेला. कोणत्याही सेवामुक्तीविरुद्धच्या अपिलाला आजही या दोनच वाटा आहेत : मी योग्य होतो हे सिद्ध करणे, किंवा अयोग्य ठरवण्याची रीतच सदोष होती हे दाखवणे. दुसरी वाट अधिक टिकाऊ, कारण तिचा लाभ पुढच्या माणसालाही होतो.

१४. पहिल्या महायुद्धात माणसांची टंचाई पडताच १९१७ मध्ये ‘१११ वी महार’ पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ पर्यंत ती मोडीतही निघाली. पुढे डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आल्यानंतर, ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. ती आजही आहे. लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या अंदाजाला याहून स्पष्ट उत्तर देता येणार नाही.

१५. असे शेरे ही केवळ वसाहतींची खासियत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कर काही सैनिकांना निळ्या कागदावर मुक्त करी. ती मुक्तता सन्माननीय नव्हती आणि अपमानास्पदही नव्हती, आणि तिला लष्करी न्यायालयाची गरज नव्हती. कृष्णवर्णीय आणि समलिंगी सैनिकांच्या वाट्याला तो निळा कागद प्रमाणाबाहेर आला. कागदावर दोष लिहिलेला नसला, तरी नोकरी देणारा त्याचा रंग ओळखत असे.

१६. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि १९४७ मध्ये निळा कागद बंद झाला. त्याआधीच, १९४४ च्या जीआय बिलाने सेवामुक्तीच्या स्वरूपाचा फेरविचार करणारी मंडळे निर्माण केली होती. प्रशिक्षणाच्या आरंभीच परतलेल्याच्या कागदावर तेथे आज बहुधा ‘स्वरूप ठरवलेले नाही’ अशी नोंद होते. चांगला की वाईट याचा निवाडा करण्याइतका काळ सरकारने त्याला पाहिलेलेच नाही, ही त्यामागची कबुली.

१७. भारतातील नागरी सेवांच्या बाबतीत न्यायालयांनी असाच विवेक दाखवला आहे. अनुप जयस्वाल हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीतील परिविक्षाधीन आयपीएस अधिकारी. सकाळच्या कवायतीला उशिरा पोहोचण्याच्या एका प्रकरणात सूत्रधार ठरवून १९८१ मध्ये त्यांना मुक्त केले गेले. आदेशाची भाषा निर्दोष होती. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या भाषेआड पाहिले, ही प्रत्यक्षात चौकशीविना दिलेली शिक्षा आहे असे ठरवले आणि आदेश रद्द केला.

१८. रिक्रूटला हे संरक्षण सहज का मिळत नाही? कारण संविधानाचा अनुच्छेद ३११ नागरी सेवकांसाठी आहे, संरक्षण दलांसाठी नाही. अनुच्छेद ३३ तर सशस्त्र दलांच्या बाबतीत मूलभूत हक्कांना मुरड घालण्याचा अधिकार संसदेला देतो. त्यामागचे कारण खरे आहे, पण हक्कांना मुरड घालणे म्हणजे न्यायाला रजा देणे नव्हे.

१९. शेऱ्याचा दुसरा प्रकार वैद्यकीय. धरमवीर सिंह या शिपायाला १९९४ मध्ये फेफऱ्याच्या विकारामुळे घरी पाठवले आणि हा विकार सेवेशी संबंधित नाही, असे नोंदवले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलट बाजूने विचार केला : भरतीच्या वेळी विकाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे जडला असे गृहीत धरावे; तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. एका वाक्याचा अर्थ बदलला आणि अपंगत्व निवृत्तिवेतनाचा मार्ग मोकळा झाला.

२०. खडकवासल्याच्या एनडीएसारख्या संस्थांत जायबंदी होऊन बाहेर पडलेल्या कॅडेटांची व्यथाही याच जातीची. कमिशन मिळण्यापूर्वीच ते परतले, म्हणून ते ‘माजी सैनिक’ गणले गेले नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली. सैनिक म्हणून मोजले जाण्याआधीच सैनिकी कष्टांनी मोडलेला माणूस कोणाचा, हा प्रश्न कॅडेटइतकाच रिक्रूटचाही आहे.

२१. आता विरुद्ध बाजू. प्रशिक्षण ही परीक्षाच असते. ज्याच्यावर शेजारच्या जवानाचा जीव अवलंबून राहणार, त्याच्याविषयी शंका असेल तर वेळीच थांबवणे हे केंद्रप्रमुखाचे कर्तव्य आहे. प्रत्येक नापास चाचणीवर वर्षानुवर्षे खटले चालले तर लष्कर चालणार नाही. ही बाजू प्रामाणिक आहे आणि तिचे उत्तरही प्रामाणिकच हवे.

२२. उत्तर असे की, घरी पाठवण्याच्या अधिकाराला कोणी हात लावत नाही. मागणी शब्दांपुरती आहे. स्वेच्छेने गेलेला, आजारी पडलेला, चाचणीत कमी पडलेला आणि शिस्तभंग केलेला, या चौघांच्या कागदांवर चार वेगळी कारणे असावीत. कमी पडलेल्याच्या कागदावर कोणत्या चाचणीत, किती संधींनंतर, हे लिहिलेले असावे. शिस्तभंगाचा आरोप असेल तर दोन ओळींत का होईना, त्याचे म्हणणे नोंदवलेले असावे. ज्या केंद्रात रोजच्या प्रशिक्षणाची नोंद ठेवली जाते, तेथे हे काम जड नाही.

२३. यासाठी नव्या कायद्याचीही मोठी गरज नाही. आर्मी ॲक्टचे कलम २३ सांगते की, सेवेतून मुक्त झालेल्या प्रत्येकाला कमांडिंग ऑफिसरने प्रमाणपत्र द्यावे. त्यात सेवा संपवणारा अधिकारी, त्याचे कारण आणि सेवेचा पूर्ण काळ नमूद असावा. आणि ते इंग्रजीबरोबरच त्या माणसाच्या मातृभाषेतही असावे. म्हणजे केजच्या, पाटोद्याच्या, धारूरच्या मुलाला कारण मराठीत मिळणे हा १९५० पासूनचा त्याचा हक्क आहे. कारण स्वतःच्या भाषेत कळले, तरच त्याविरुद्ध बोलता येते.

२४. दाद मागण्याची जागाही आहे. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले, त्याचे एक पीठ मुंबईत आहे. त्या कायद्यातील ‘सेवाविषयक बाबीं’च्या व्याख्येत परिविक्षा, प्रशिक्षण आणि सेवासमाप्ती हे तिन्ही शब्द आहेत. आधी लष्कराच्या वरिष्ठांकडे लेखी निवेदन, मग न्यायाधिकरण, हा क्रम. अंतिम आदेशापासून मुदत साधारण सहा महिन्यांची, उशिराचे सबळ कारण असल्यास तो माफ होऊ शकतो.

२५. वलंगकरांच्या अर्जापासून बेळगावच्या रेजिमेंटपर्यंत ४७ वर्षे गेली. अर्ज लिहिणाऱ्यांतील पहिला माणूस तो दिवस पाहायला नव्हता. आजच्या रिक्रूटजवळ सहा महिने असतात आणि त्यांतील पहिले काही बहुधा लाजेपोटी घरात बसण्यात जातात. गावाने त्या काळात त्याला ‘का काढले?’ विचारण्याऐवजी ‘कागदावर काय लिहिले आहे?’ एवढे विचारले, तरी अर्ज मुदतीत पोहोचण्याची शक्यता वाढेल.