वजन घटले, पुढे काय?

सेमाग्लूटाइड या औषधाच्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा स्थूलतेवर रामबाण उपाय सापडल्याचा गाजावाजा झाला. तो सर्वस्वी निराधार नव्हता. १९६१ प्रौढांच्या या चाचणीत दर आठवड्याला औषधाचे इंजेक्शन घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले. औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांचे अवघे २.४ टक्क्यांनी. आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना सारखाच होता.

तथापि खरा प्रश्न पुढचाच आहे. यांपैकी काही जणांचे औषध बंद झाल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत चढला, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. (औषधाबरोबर सल्लाही थांबला होता, हे नमूद केले पाहिजे.) म्हणजे हा उपचार बहुधा रक्तदाबाच्या गोळीप्रमाणे आजन्म खर्चाचा ठरणार. चाचणीचा खर्च उत्पादक नोव्हो नॉर्डिस्क कंपनीनेच सोसला. त्यामुळे आकडे खोटे ठरत नाहीत. परंतु औषध कमी करीत नेऊन वजन टिकते काय, हे शोधण्यात विक्रेत्याला फारसे स्वारस्य कसे असावे? २०२५ साली हे इंजेक्शन भारतात विक्रीस आले. चाचणीतील सुमारे तीन चतुर्थांश माणसे मात्र गौरवर्णीय होती. तेव्हा ही तपासणी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने सार्वजनिक निधीतून हाती घेणे अगत्याचे आहे.