आधी शिदोरी ठरवा, मग वाटेला लागा



उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरोघरी एकच तक्रार असते. पोरे मोबाईल सोडत नाहीत, नाहीतर दुपारभर भांडतात. कामावरून थकून आलेल्या आईबापाने कोणाकोणाला समजवायचे? यावर एक चांगला उपाय मला यंदा सापडला. तो मी शोधलेला नाही, मुलांनीच दाखवला. म्हणून आजचे सदर त्यांच्यासाठी.

माझी धाकटी बहीण महागाव तालुक्यात फुलसावंगीला राहते. सुट्टीत तिच्याकडे आठ दिवस मुक्काम पडला. तिचा थोरला मुलगा पुण्याला शिकतो. वसतिगृहात तो एक खेळ शिकून आला होता. बाहेर ऊन रणरणत असताना छपरीत सतरंजी टाकून त्याने चार मुले जमवली. नववीतली माझी भाची, सहावीतला भाचा, शेजारची एक मुलगी आणि पलीकडच्या घरचा एक मुलगा. या मुलाचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. तेवढे महिने तो आजीजवळ असतो.

खेळ बसल्या जागीच खेळायचा. एकजण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगत जातो. बाकीचे प्रत्येकजण गोष्टीतले एक पात्र घेतात. सूत्रधार म्हणतो, "समोर नदी आहे, पूर आलाय. काय करता?" मग ज्याने त्याने आपल्या पात्राच्या वतीने उत्तर द्यायचे. जमेल की नाही अशी शंका असेल तर फासे टाकायचे. यात एक जिंकला आणि दुसरा हरला असे नसते. तरले तर सगळे तरतात, बुडाले तर सगळे बुडतात. एकच गोष्ट आठवडेच्या आठवडे चालते.

अशा खेळाचे पहिले छापील पुस्तक १९७४ साली अमेरिकेत निघाले. नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. करणारे दोघे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन. यातल्या गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी १९७० साली गेली होती. घरात पाच लेकरे. तो घराच्या तळघरात बसून जोडे दुरुस्त करी आणि उरल्या वेळात खेळाचे नियम लिही. पहिल्या हजार प्रतींच्या पेट्या त्यांनी हातांनीच भरल्या. आज तो खेळ जगभर खेळला जातो. जोडे शिवणाऱ्या हातांनी पुस्तक लिहिले, यात आपल्याला नवल वाटायचे कारण नाही.

फुलसावंगीच्या पोरांनी गोष्ट मात्र आपल्या मुलखाची घेतली. आपली पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि विदर्भ-मराठवाड्याची शीव आखत येते. गोष्ट अशी की, फार जुन्या काळी एके वर्षी नदी आटली. वरच्या अंगाला कोणीतरी पाणी अडवले आहे. गावातले चौघे काठाकाठाने उगमापर्यंत जाऊन त्याचा छडा लावणार.

मला वाटले, आता लागलीच खेळ सुरू होईल. पण भाचा म्हणाला, "मावशी, पहिला दिवस निस्ता तयारीचा. कोण कोण जाणार अन् सोबत काय नेणार, हे ठरल्याबिगर पाय उचलायचा नाही." खरे सांगते, मला तो तयारीचा दिवसच सगळ्यात मोलाचा वाटला.

आधी पात्रे. प्रत्येकाच्या सहा गोष्टी मोजायच्या: ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि बोलण्याची छाप. प्रत्येक गोष्टीसाठी लुडोचे तीन फासे टाकायचे आणि बेरीज लिहायची. ती ३ ते १८ मध्ये कुठेतरी येते, बहुधा १०-११ च्या आसपास.

फासे टाकण्याआधीच दोन्ही पोरांनी लढवय्ये होऊन घेतले. भाचीला सांगितले, "तू सयपाक करजो." ती उसळून म्हणाली, "काहून? फाशानं सांगितलं का?" फासे पडले तेव्हा तिची ताकद निघाली १५ आणि भावाची ६. त्याचे शहाणपण मात्र १६. मग ती दोर आणि ओझे वाहणारी झाली, तो जखमा बांधणारा वैद्य झाला. शेजारच्या मुलीची बोलण्याची छाप मोठी निघाली. परक्या गावात बोलणी करायचे काम तिच्याकडे गेले. ऊसतोडवाल्यांच्या मुलाची चपळाई १७. तो पुढे जाऊन वाट पाहणार. स्वयंपाक पाळीपाळीने.

या ठिकाणी थोरल्या भाच्याने एक गोष्ट सांगितली ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. या खेळात माणसांखेरीज कल्पनेतल्या दुसऱ्या जमाती असतात. ड्वॉर्फ ही त्यातली एक, ठेंगण्या लोकांची. १९७४ च्या पुस्तकात नियम होता की ड्वॉर्फाने फक्त लढवय्येच व्हावे, आणि तेही सहाव्या पायरीपर्यंत. पुढे कितीही पराक्रम करो, सातवी पायरी बंद. माणसाला अशी अडकाठी नव्हती. हे ऐकून भाची म्हणाली, "म्हणजे जन्मावरून काम अन् जन्मावरून पायरी? हे तर आपल्याला ठाऊक आहे." तो हसला. २००० सालच्या नव्या आवृत्तीत ही अडकाठी काढून टाकली, आणि २०२४ च्या पुस्तकात 'वंश' हा शब्दही काढून दुसरा घातला. करमणुकीच्या खेळातला अन्यायाचा नियम बदलायलाही पंचवीस-पंचवीस वर्षे लागतात, तर समाजाचे काय सांगावे!

मग आली शिदोरी. वहीच्या कोऱ्या पानावर भाचीने लिहिले: भाकरी २०, पाण्याच्या तुंब्या ४, दोर १, कंदील १, तेलाची बाटली १, औषधाची पुडी ३, नाणी ४०. वर मथळा दिला, 'सामायिक पिशवी'. सगळे सगळ्यांचे, लागेल तसे घ्यायचे. ऐकायला छान वाटले.

अर्ध्या तासाने भांडण जुंपले. त्या मुलाने आपल्या कागदावर गुपचूप आठ भाकरी लिहून घेतल्या होत्या. "चोट्टा!" भाचा ओरडला. पोरगा खाली मान घालून बसला. मी बोलणार, तेवढ्यात भाचीने विचारले, "अरे, पिशवी तर तुहीबी आहे ना? मंग लपवल्या काहून?"

बराच वेळ तो बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "पिशवी तुमच्यापाशी राहते. मंग मागावं लागते. मले नाई मागता येत."

भगिनींनो, माझ्या घशात आवंढा आला. आईबाप दूर असलेल्या लेकराला रोज काय काय मागावे लागत असेल! फी मागायची, वही मागायची, शेजारी जाऊन मीठ मागायचे. त्याला भाकरीची हाव नव्हती. त्याला मागण्याचे भय होते.

थोरल्या भाच्याने फासे बाजूला ठेवले आणि सगळ्यांना नियम पुन्हा लिहायला लावले. चौघांनी मिळून जे ठरवले ते असे. प्रत्येकाजवळ दोन दिवसांच्या दोन भाकरी आणि एक तुंबी स्वतःची राहील. ती कोणी मागायची नाही, कोणी काढून घ्यायची नाही. उरलेल्या बारा भाकरी सामायिक. दोर, कंदील, औषध ज्याच्या हातात ती वस्तू वापरण्याचे काम आहे त्याच्याकडे, पण मालकी सगळ्यांची. नाणी खर्च करायची तर चौघांपैकी तिघांचा होकार हवा. आणि हिशोबाची वही सगळ्यांसमोर सतरंजीच्या मधोमध उघडी राहील. बचत गटात बसणाऱ्या माझ्या बहिणींना हे नियम ओळखीचे वाटतील. गट कुठे फुटतो, तर वही एकीच्या पेटीत कुलूपबंद झाली की.

मला त्या वेळी महाडची आठवण झाली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर तळे सर्वांचे होते. पण ओंजळ भरायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः तळ्यात उतरले आणि पाणी प्याले, तेव्हा कागदावरची गोष्ट हातात आली. जिथे हात पसरावा लागतो, तिथे ती वस्तू सामायिक आहे असे म्हणता येत नाही. हे आपण समाजाला सांगत आलो. आपल्याच घरात, आपल्याच पिशवीत हा नियम पाळतो का, हे मात्र लेकरांनी मला विचारायला लावले.

घरी हा खेळ मांडायचा असेल तर खर्च काहीच नाही. लुडोचे तीन फासे, जुन्या वहीची चार पाने, एक पेन्सिल. मूळ खेळात वीस बाजूंचा फासा लागतो. तो नसेल तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून एक उचलायची. सूत्रधार आईने व्हावे, बापाने व्हावे, आजीने झाले तर उत्तमच, गोष्टी तिच्याकडे भरपूर असतात. पहिला दिवस घाई न करता तयारीला द्या. कामे मुलगा-मुलगी पाहून वाटू नका, फासे पाहून वाटा. पिशवीची यादी सर्वांनी मिळून करा, आणि जो गप्प बसला असेल त्याला आधी विचारा.

मी निघाले त्या दिवशी चौघे अजून अर्ध्याच वाटेवर होते. कंदिलाचे तेल संपत आले होते आणि पुढे जंगल होते. वही सतरंजीवर उघडी होती. त्यातले हिशोबाचे अक्षर आता त्या आजीजवळच्या मुलाचे होते. भाकरीच्या रकान्यात त्याच्या नावापुढे एकच भाकरी उरलेली दिसली. मी विचारले, "दुसरी कुठे गेली रे?"

"वैद्याची तुंबी फुटली, त्याले ताप आला, मावशी. म्या देल्ली," तो म्हणाला. "त्यानं मागतली नव्हती."

जयभीम.