परदेशातले काम : यंत्र मागे राहते, विद्या नाही

परदेशात काम करून परतणाऱ्या तंत्रज्ञांविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो : त्यांचे कौशल्य तिथल्या साधनांवर उभे असते, मायदेशी ती साधने नसल्याने ते गंजते. तयार यंत्र चालवण्यापुरतेच कसब कमावले असेल, तर हे खरे आहे. पण परदेशातले काम एवढेच देते, हे गृहीतक चुकीचे आहे.

रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेले. सिडनीच्या पॉट्स हिल येथे सूर्याच्या निरीक्षणासाठी ३२ लहान तबकड्यांची रांग होती. ती नव्या वारंवारितेवर चालवण्याचे काम त्यांनी सहकाऱ्यासह अंगावर घेतले. त्यासाठी प्रत्येक तबकडीचा संकेत बाकीच्यांशी तंतोतंत जुळवावा लागे. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना याच जुळणीची सोपी मापनपद्धत त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर विकसित केली. १९६३ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. पॉट्स हिलच्या तबकड्या भारताला भेट मिळाल्या होत्या. १९६५ मध्ये त्या कल्याणला उभ्या राहिल्या.

यावर कोणी म्हणेल, मग साधनेच परदेशातून आली की! पण तिकडे काम संपलेल्या त्या तबकड्यांची दुर्बीण झाली, ती जुळणी जाणणाऱ्या हातांमुळे. शिवाय स्वरूप यांनीच उभारलेली, १९७० मध्ये पूर्ण झालेली उटीची दुर्बीण तर इथल्या भूगोलातूनच सुचली. डोंगराचा उतार स्थानिक अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंशांचा निवडला. त्यामुळे ५३० मीटर लांबीच्या दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि ती एकाच अक्षाभोवती फिरवून आकाशातल्या रेडिओ स्रोतांचा माग काढता येऊ लागला. पुढे नारायणगावजवळ खोडद परिसरातल्या दुर्बिणीसाठी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या करताना त्यांनी पत्र्याऐवजी बारीक तारांची जाळी ताणून बसवली. वारा आरपार गेला, वजन घटले, खर्चही आवाक्यात राहिला.

स्वरूप अपवाद होते, हा दुसरा आक्षेप. त्यांची प्रतिभा असामान्य होती, हे मान्य. पण त्यांची वाट इतरांनाही खुली आहे. तिला दोन अटी आहेत : परदेशात यंत्राच्या पोटात हात घालायला मिळेल असे काम निवडणे आणि परतल्यावर नवे उभारू देणारी संस्था मिळणे. होमी भाभांनी स्थापन केलेल्या टाटा संस्थेने दुसरी अट पुरी केली.

म्हणून परदेशातल्या कामाचे मोल तिथल्या वर्षांवरून किंवा पगारावरून ठरत नाही. तिथे अंगी बाणलेली विद्या निराळ्या मातीत, कमी पैशांत नवे काही घडवते का, यावरून ते ठरते.