एमबीबीएसच्या जागा वाढल्या, पण ॲनाटॉमी शिकायला मृतदेह कुठून येणार?

गेल्या महिन्यात रक्तदाब तपासायला आलेल्या एका आजोबांनी निघता निघता विचारले, "डॉक्टर, नातू एमबीबीएसला लागलाय. तो म्हणतो, शंभर मुलांमागे मोजकेच मृतदेह आहेत, बाकीचं मोठ्या स्क्रीनवर दाखवतात. एवढ्यावर डॉक्टर होतो का हो माणूस?"

बाहेर पंधरा रुग्ण बसले होते. "होतो, होतो," म्हणून मी त्यांना वाटेला लावले. पण प्रश्न साधा नाही, आणि तो तुमच्या-माझ्या हातापायांशी थेट संबंधित आहे. म्हणून आज जरा सविस्तर.

२०१४ पूर्वी देशात एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या. आज त्या एक लाखाच्या बऱ्याच पुढे गेल्या आहेत. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ७५,००० वैद्यकीय जागा वाढवण्याचे जाहीर झाले. आपल्या राज्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये एकदम दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, भंडारा, जालना अशा जिल्ह्यांत ती आहेत, आणि सगळ्यांच्या मिळून ९०० जागा आहेत. मला याचा आनंदच आहे. या जिल्ह्यांतल्या रुग्णाला प्रत्येक मोठ्या आजारासाठी नागपूर किंवा संभाजीनगर गाठावे लागू नये.

मात्र महाविद्यालयासाठी इमारत बांधता येते, यंत्रे घेता येतात, अध्यापकही इकडून तिकडे बदलीने आणता येतात (तेही किती दिवस टिकतात हा वेगळा विषय). मृतदेह विकत आणता येत नाही. साधारण दहा ते पंधरा विद्यार्थ्यांमागे एक मृतदेह असावा असे मानले जाते. म्हणजे फक्त या ९०० मुलांसाठी दरवर्षी ६० ते ९० मृतदेह हवेत. जुन्या महाविद्यालयांची गरज आहेच, ती वेगळी.

तुमच्या हातापायांचा काय संबंध?

पहिल्या वर्षी विच्छेदनाला सुरुवात बहुतेक ठिकाणी हातापासून किंवा पायापासून होते. हाडे, सांधे, स्नायू, त्यांच्यामधून जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या. हा भाग सर्वांत आधी शिकला जातो आणि बहुतेक डॉक्टर तो सर्वांत आधी विसरतात. पण तुम्ही माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरकडे येता ते बऱ्याचदा याच भागाच्या तक्रारी घेऊन. गुडघा, कंबर, खांदा, मुरगळलेला पाय.

आपण ज्याला "कमरेत इंजेक्शन" म्हणतो तेच घ्या. ते कमरेत नसतेच, कुल्ल्यात असते. तिथल्या जाड स्नायूखालून सायटिक नस जाते. शरीरातली ही सर्वांत जाड नस, साधारण करंगळीएवढी. कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग करा. वरच्या-बाहेरच्या भागात सुई दिली तर नस लांब राहते. सुई खाली किंवा आतल्या बाजूला गेली तर नसेला इजा होऊ शकते. मग पाऊल वर उचलता येत नाही, चालताना चप्पल पायातून निसटते, आणि हे बरे व्हायला महिने लागतात. कधी पूर्ण बरे होतही नाही. बारीक अंगाच्या म्हाताऱ्या माणसात आणि लहान मुलात स्नायू व चरबी कमी, म्हणून धोका जास्त. बाळांच्या लसी मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात देतात त्याचे कारण हेच. शिवाय ही नस सगळ्यांची एकाच वाटेने जात नाही. काहींमध्ये ती वर दोन भागांत फुटते आणि एक भाग स्नायूच्या आरपार जातो. पुस्तकात ही गोष्ट दोन ओळींत येते. टेबलावर दिसली की कायमची लक्षात राहते.

दुसरे उदाहरण माझ्या चुकीचे. इंटर्न असताना एक तरुण दुचाकीवरून तळहातावर पडून आला. एक्स-रेमध्ये काही दिसले नाही. मी वेदनाशामक गोळ्या लिहून त्याला घरी पाठवले. अंगठा ताणून धरला की त्याच्या मुळाशी, मनगटावर एक खळगा दिसतो. पूर्वी लोक त्यात तपकीर ठेवून ओढत, म्हणून इंग्रजीत त्याला तपकिरीच्या डबीचेच नाव आहे. त्या खळग्यात दाबून दुखले तर स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडल्याची शंका घ्यायची असते. मी दाबून पाहिलेच नाही. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळते. हाड मधोमध मोडले की मनगटाकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो मरू शकतो. फ्रॅक्चर सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये न दिसणे हे नेहमीचेच. म्हणून प्लास्टर घालून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. नशिबाने तो मुलगा चार दिवसांनी परत आला आणि वरिष्ठांनी तेच केले. हे सगळे मला परीक्षेत आले होते बरे का. तोंडी परीक्षेत मी रक्तपुरवठा धडाधड सांगितला होता.

पूर्वी तरी सगळे छान होते का?

नव्हते. आमच्या आधीच्या बॅचना पहिला टप्पा दीड वर्षाचा असे. १९९७ च्या नियमांनी तो एक वर्षावर आला. एका टेबलाभोवती आम्ही दहा-बारा जण असायचो. सुरी दोघांच्या हातात, बाकीचे फॉर्मॅलिनने झोंबणारे डोळे पुसत मागून डोकावायचे. परीक्षेआधी चौरसियांचे पुस्तक पाठ करायचे आणि सीनियरकडून घेतलेला हाडांचा अर्धा संच उशाशी ठेवून झोपायचे. त्यामुळे "आमच्या वेळी..." असे सुरू करणाऱ्या माझ्या मित्रांशी मी सहमत नाही.

स्क्रीनच्या टेबलालाही मी नावे ठेवणार नाही. सीटी स्कॅनमधला आडवा छेद समजून घ्यायला ते उत्तम. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून करता येते. पण स्क्रीनवर नस पिवळी असते आणि धमनी लाल. खऱ्या शरीरात नस आणि बारीक स्नायुबंध पांढरटच दिसतात, बोटांनी चाचपून ओळखावे लागतात. मनगट कापलेला रुग्ण समोर येतो तेव्हा नेमके हेच लागते. म्हणून स्क्रीन सोबत असावी, मृतदेहाऐवजी नसावी, असे माझे मत आहे. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पहिल्या वर्षात असलेली मुले आज डॉक्टर म्हणून काम करीत आहेत. त्यांचे विच्छेदन अर्धवट राहिले, यात त्यांचा दोष नव्हता. नव्या महाविद्यालयांत तीच उणीव राहिली तर मात्र दोष नियोजनाचा असेल. जागा मंजूर करतानाच मृतदेह कुठून येणार हे विचारले पाहिजे.

सध्या ते दोन मार्गांनी येतात. १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्यानुसार बेवारस मृतदेह महाविद्यालयांना देता येतात. पण बेवारस म्हणजे जवळजवळ नेहमीच गरीब, आणि त्याची संमती कोणी विचारलेली नसते. शरीररचनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्येच फक्त दान केलेले देह वापरावेत अशी शिफारस केली आहे. दुसरा मार्ग देहदानाचा. नानाजी देशमुख आणि सीताराम येचुरी यांची राजकीय मते दोन टोकांची, पण दोघांचेही देह दिल्लीच्या एम्सला दिले गेले. नानाजी मूळचे हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे. त्याच हिंगोलीत आता नवे महाविद्यालय आहे.

देहदान करायचे मनात असेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज मिळतो. अर्ज भरला तरी मृत्यूनंतर निर्णय वारसांच्या हातात असतो, म्हणून घरात आधीच बोलून ठेवा. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतो. अपघात, आत्महत्या किंवा शवविच्छेदन झालेले असेल तर देह सहसा स्वीकारत नाहीत. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी, सी असल्यासही नाही. नेत्रदान करून देहदान करता येते, मात्र डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. परदेशातला मुलगा येईपर्यंत थांबायचे असेल तर देह शीतपेटीत ठेवा आणि विभागाला लगेच फोन करा. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी कोण देह ताब्यात घेते, हे अर्ज भरतानाच विचारून नंबर लिहून घ्या. बरीच कुटुंबे अडतात ती इथेच.

आजोबा पुढच्या महिन्यात पुन्हा येतील. नातवाला काय सांगायचे ते मी ठरवले आहे. टेबलावर मागे उभे राहू नकोस, सुरी मागून घे.