टाक्याचा हिशेब

कापडाच्या व्यापारात आयुष्य घालविलेल्या माणसाला वाराचा भाव विचारला, तर तो क्षणात सांगतो. सुताचा, रंगाईचा, भाड्याचा आणि व्याजाचा दरही त्याच्या जिभेवर असतो. परंतु त्याच कापडावर हाताने घातलेल्या टाक्याचा भाव विचारला, तर सहसा ‘बाजारात मिळेल तो’ एवढेच उत्तर येते. मुंबई-पुण्याच्या दुकानांत ‘कच्छ वर्क’ या एकाच नावाखाली ओढण्या, चादरी, तोरणे आणि पिशव्या विकल्या जातात. त्यांच्यामागच्या श्रमाचा हिशेब मांडण्याचा प्रयत्न कच्छमध्ये गेली पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. तेथील भरतकाम करणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्या सोबतीने उभ्या राहिलेल्या संस्था यांनी तो चिकाटीने केला. व्यापारी कुटुंबांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे, कारण या खात्याची दुसरी बाजू त्यांच्याच पेढीवर लिहिली जाते.

या प्रयत्नाचा आरंभ १९६९ साली झाला. कच्छ तेव्हा दुष्काळाने होरपळत होता. मुंबईच्या चंदाबेन श्रॉफ मदतकार्याच्या निमित्ताने धाणेटी या गावी गेल्या. तेथे अन्नछत्र चालू होते, पण फुकटचे अन्न स्वीकारणे अहिर समाजातील स्त्रियांना जड जात होते. त्यांना काम हवे होते. त्यांच्या अंगावरील कपड्यांवर उत्कृष्ट भरतकाम होते. हे काम घरच्यासाठी आणि लेकीच्या आंदणासाठी केलेले असे. ते विकून घर चालू शकते, हा विचार चंदाबेन यांनी मांडला. पहिल्या खेपेला तीस साड्यांवर भरतकाम करून घेण्यात आले आणि त्या साड्या मुंबईच्या प्रदर्शनात विकल्या गेल्या. ‘श्रुजन’ या संस्थेची पायाभरणी अशी झाली. पुढे हे काम शेकडो गावकरी स्त्रियांपर्यंत आणि कच्छमधील अनेक समाजांपर्यंत पोहोचले.

या घटनेकडे बहुधा दयाबुद्धीची कथा म्हणून पाहिले जाते. वास्तविक ती व्यवहाराची कथा आहे. दानाला घेणाऱ्याची पात्रता लागत नाही आणि पुढच्या वर्षी ते मिळेलच याची खात्री नसते. विक्रीच्या मालाला मात्र दर्जा लागतो, मुदत लागते, ग्राहक लागतो. आणि हे तिन्ही जमले तर पुढील मागणी आपोआप येते. धाणेटीच्या स्त्रियांनी अन्नाऐवजी काम मागितले, तेव्हा त्यांनी अशाच टिकाऊ व्यवहाराची निवड केली.

संस्थेची कार्यपद्धती पाहिली, तर तिच्यातील हिशेबी शहाणपण लक्षात येते. नक्षी उमटविलेले कापड आणि रंगसंगतीनुसार निवडलेले धागे घरपोच दिले जातात. स्त्रिया घर, शेत आणि गुरे सांभाळून सवडीने काम करतात. पूर्ण झालेला नग तपासून घेतला जातो आणि नगाप्रमाणे मजुरी दिली जाते. धुलाई, शिलाई आणि विक्री ही पुढची जबाबदारी संस्थेची असते. येथे कळीचा मुद्दा असा, की मजुरी काम पूर्ण झाल्यावर मिळते. वस्तू कधी विकली जाईल, यावर ती अवलंबून नसते.

हा फरक किती मोठा आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका ओढणीवर १२० तासांचे भरतकाम आहे. रोज चार तास सुई चालली तरी ते ३० दिवसांचे काम झाले. तासाला ५० रुपये धरले, तर मजुरी ६,००० रुपये होते. कापड, धागे, आरसे, धुलाई आणि वाहतूक मिळून आणखी १,५०० रुपये. एकूण ७,५०० रुपये. ही ओढणी विकली जाण्यास आठ महिने लागले आणि व्याजाचा दर वार्षिक १२ टक्के असला, तर अडकलेल्या रकमेवर ६०० रुपये व्याज चढते. दुकानाचा नफा मिळविण्यापूर्वीच ओढणीची किंमत ८,१०० रुपयांवर गेली.

आता या ६०० रुपयांपैकी ४८० रुपये केवळ मजुरीच्या रकमेवरचे व्याज आहे. कारागीर स्त्रीला पैसे विक्रीनंतर द्यायचे ठरले, तर हे ४८० रुपये कोणाच्या खिशातून जातात? तिच्याच. तिने जणू दुकानदाराला आठ महिन्यांसाठी ६,००० रुपये बिनव्याजी वापरण्यास दिले. त्या काळात घरी पैशांची नड पडली आणि तिने गावातील सावकाराकडून कर्ज काढले, तर तिचे व्याज याहून पुष्कळ अधिक होईल. खेळत्या भांडवलाचा भार ज्याच्यापाशी भांडवल नाही त्याच्या माथी गेला, की मजुरीचा दर कागदावर कितीही चांगला दिसो, तो हातात पडेपर्यंत झिजलेला असतो.

घासाघिशीचाही असाच एक अदृश्य परिणाम आहे. घाऊक खरेदीदाराने ८,१०० रुपयांवर दहा टक्के सूट मागितली, तर ती ८१० रुपये होते. कापडवाला आपला भाव सोडत नाही, धाग्याचा व्यापारी सोडत नाही, वाहतूकदार आणि बँक तर मुळीच सोडत नाहीत. उरते ती मजुरी. ६,००० रुपयांतून ८१० वजा झाले, तर तासाचा दर ५० रुपयांवरून ४३ रुपयांवर येतो. खरेदीदाराच्या दृष्टीने ती दहा टक्क्यांची सूट असते. हात चालविणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने साडेतेरा टक्क्यांची कपात. सौदा करताना ती समोर नसते, म्हणून हा आकडा कोणाच्या लक्षात येत नाही.

शिवाय, सर्व भरतकामाला एकच तासाचे माप लावता येत नाही. ‘कच्छ वर्क’ या नावात अनेक वेगवेगळ्या कला दडलेल्या आहेत. अहिर स्त्रियांचे काम वळणदार रेषांचे, मोर-पोपट आणि फुलांचे, गोल आरशांचे असते. रबारी स्त्रिया साखळी टाक्याने आकृती रेखतात आणि निरनिराळ्या आकारांचे आरसे बसवितात. सूफ या प्रकारात नक्षी कापडावर काढलेलीच नसते. कापडाचे उभे-आडवे धागे मोजत, उलट बाजूने टाके घालत, त्रिकोणांतून आकृती उभी केली जाते. एक धागा चुकला तर पुढचे सारे चुकते. खारेक हेही मोजणीचेच काम. त्यात आधी काळ्या धाग्याने चौकटी बांधून मग त्या भरल्या जातात. पक्को इतके घट्ट असते, की कापड विरले तरी भरतकाम शाबूत राहते. जत स्त्रियांच्या झग्यावरील छातीचा भाग तर बारीक टाक्यांनी आणि इवल्या आरशांनी इतका भरलेला असतो, की मूळ कापड दिसतच नाही.

यातील सूफ, खारेक आणि पक्को यांची कुशलता वाढविण्यात १९७१ च्या युद्धानंतर सिंधच्या थरपारकर भागातून कच्छमध्ये आलेल्या सोढा व मारू मेघवाळ कुटुंबांचा मोठा वाटा आहे. घरदार मागे टाकून आलेल्या या लोकांपाशी विकण्यासारखे फारसे काही नव्हते, पण हातात कसब होते. भुजजवळील सुमरासर शेख या गावात १९९३ साली स्थापन झालेल्या ‘कला रक्षा’ या संस्थेने याच समाजांतील स्त्रियांसोबत काम केले. अमेरिकेतून येऊन कच्छच्या कलांचा दीर्घ अभ्यास करणाऱ्या जूडी फ्रेटर या तिच्या संस्थापकांपैकी एक होत. तेथे आपल्या कामाचे मोल ठरविण्यात कारागीर स्त्रियांनाच सहभागी करून घेण्यात आले. वरवर साध्या वाटणाऱ्या या गोष्टीत फार अर्थ आहे. कोणत्या टाक्याला किती वेळ लागतो, कोणाचे काम सरस आणि कोणाचे घाईचे, हे टाका घालणाऱ्याइतके कोणालाच ठाऊक नसते. दर ठरविण्याचा अधिकार आला, की दर्जा सांभाळण्याची जबाबदारीही आपसूक येते. पुढे २००५ मध्ये याच संस्थेने कारागिरांसाठी आरेखनाचे विद्यालय सुरू केले. दुसऱ्याने दिलेली नक्षी भरणारा हात स्वतः नवी नक्षी योजू लागला, तर त्याचे मोल वाढते, हा त्यामागचा विचार.

वेळेचे मोल न मोजल्यास काय होते, याचे एक बोलके उदाहरण कच्छमध्येच घडले. ढेबरिया रबारी समाजात मुलीच्या आंदणात भरतकाम केलेले घागरे, कांचोळ्या, तोरणे, पिशव्या यांची मोठी यादी असे. ती पुरी करण्यात वर्षे जात आणि तोवर मुलीची पाठवणी लांबे. मागण्या वाढत गेल्या, मुलींची वये वाढत गेली. शेवटी १९९५ मध्ये समाजातील ज्येष्ठांनी स्वतःच्या वापरासाठी भरतकाम करण्यावरच बंदी घातली. पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असलेली कला समाजाने आपणहून दूर सारली, हे ऐकून कलाप्रेमी हळहळले. परंतु त्या ज्येष्ठांची बाजूही समजून घ्यावी लागते. घरातल्या घरात त्या श्रमाला किंमत नव्हती, म्हणून त्याची मागणी अमर्याद होत गेली, आणि तिचे ओझे कोवळ्या मुलींवर पडले.

बंदीनंतरही स्त्रियांचा सुईचा हात स्वस्थ बसला नाही. तयार फिती आणि झालरी जोडून त्यांनी सजावटीची नवी पद्धत शोधली. त्याच पद्धतीच्या पिशव्यांवर अंजार तालुक्यातील भद्रोई गावच्या पाबीबेन रबारी यांनी गावातील स्त्रियांना सोबत घेऊन व्यवसाय उभा केला आणि त्या पिशव्या परदेशापर्यंत पोहोचल्या. जे काम घरासाठी ओझे झाले होते, तेच मोबदला मिळताच उपजीविका ठरले. सुई तीच, हातही तेच. बदलला तो हिशेब.

‘श्रुजन’नेही केवळ विक्रीवर समाधान मानले नाही. कच्छमधील निरनिराळ्या भरतकामांचे उत्तमोत्तम नमुने स्त्रियांकडूनच मोठ्या फलकांवर करून घेण्यात आले आणि ते गावोगाव नेऊन दाखविण्याची योजना आखली गेली. आजी-पणजीचे विसरलेले टाके नातींना पुन्हा पाहता यावेत, हा हेतू. या कार्यासाठी चंदाबेन यांना २००६ मध्ये रोलेक्स पुरस्कार मिळाला. भुजजवळील अजरखपूर येथे २०१६ मध्ये या कलांचे संग्रहालय व शिक्षणकेंद्र उभे राहिले आणि त्याच वर्षी चंदाबेन यांचे निधन झाले. अजरखपूर हे गावच २००१ च्या भूकंपानंतर ठसेकाम करणाऱ्या खत्री कुटुंबांनी वसविलेले. कसबी हातांनी नव्याने उभारलेल्या गावात हे संग्रहालय आहे.

या साऱ्या प्रयत्नांसमोर आज सर्वांत मोठे आव्हान यंत्राचे आहे. संगणकावर चालणारे भरतकामाचे यंत्र काही तासांत अनेक नग काढते. यंत्राचा माल विकण्यात काहीही गैर नाही. स्वस्त आणि सुबक वस्तू हवी असलेला ग्राहक असतोच. गैर आहे ते यंत्राचा माल ‘हाताचा’ म्हणून विकणे. त्यातून ग्राहक फसतो आणि खऱ्या हातकामाचा भावही पडतो. कच्छी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण मानांकनाचे रक्षण अखेर दुकानाच्या गल्ल्यावरच होते. पारख फारशी अवघड नाही. कापड उलटून पाहावे. यंत्रकामात मागील बाजूस बहुधा एकाच रंगाचा खालचा धागा सर्वत्र धावलेला दिसतो आणि पुष्कळदा अस्तरासारखा पातळ कागद किंवा जाळी चिकटलेली आढळते. हातकामात आरसा चारी बाजूंनी टाक्यांच्या जाळ्यात धरलेला असतो. डिंकाने चिकटविलेला किंवा प्लास्टिकचा आरसा दिसला, तर सावध व्हावे. हाताच्या टाक्यांत किंचित कमी-अधिकपणाही असतो. तो दोष समजू नये.

व्यापाऱ्याच्याही अडचणी असतात, हे नाकारता येणार नाही. दुकानाचे भाडे थांबत नाही, न खपलेला माल कपाटात पडून राहतो आणि घासाघीस केल्यावाचून ग्राहक पैसे काढत नाही. म्हणून येथे कोणी तोटा सोसावा, अशी अपेक्षा नाही. काही गोष्टी मात्र सहज करता येण्याजोग्या आहेत. हातकामाची मजुरी विक्रीची वाट न पाहता माल हाती येताच चुकती करावी आणि थांबण्याचे व्याज उघडपणे किंमतीत धरावे. सूट द्यायचीच असेल, तर ती आपल्या नफ्यातून द्यावी; मजुरीचा आकडा घासाघिशीच्या बाहेर ठेवावा. हातकाम आणि यंत्रकाम वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या चिठ्ठीसह मांडावे. चिठ्ठीवर ‘कच्छ वर्क’ एवढेच न लिहिता भरतकामाचा प्रकार, गाव आणि लागलेले तास लिहावेत. १२० तास हा आकडा वाचलेला ग्राहक भाव पाडताना थोडा अडखळतो, आणि पुष्कळदा समाधानाने पूर्ण पैसे देतो.

घरातील लग्नाच्या खरेदीतही हे पाळता येईल. कन्येच्या शालूवर लाखो रुपये मोजणारे कुटुंब भरतकामाच्या तोरणासाठी दोनशे रुपयांवरून अडून बसते, असे दृश्य दुर्मीळ नाही. अशा वेळी सुनांनी आणि लेकींनी दुकानदाराला एवढेच विचारावे, की हे कोणाच्या हातचे आहे, याला किती दिवस लागले आणि तिला पैसे मिळाले काय. हा प्रश्न दहा दुकानांत विचारला गेला, तर अकराव्या दुकानातील चिठ्ठीवर त्याचे उत्तर आधीच लिहिलेले आढळेल.